ययातीतला साडेतीनचा उंचवटा

डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर जा. ययाती तारकासमूह जवळजवळ डोक्यावर, जरासा उत्तरेकडे कललेला असतो. त्यातला अल्गोल तारा सापडला की हात लांब करून अंगठा त्याच्या शेजारी, पूर्वेच्या बाजूला धरा. अंगठ्याच्या पलीकडच्या कडेला जी काळी जागा उरते, तिथे डोळ्यांना काहीही दिसत नाही. क्ष-किरण टिपणाऱ्या दुर्बिणीला मात्र तिथे एक भलामोठा धुरकट गोळा झळाळताना दिसतो. हा ययातीतला दीर्घिकासमूह, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या अनेक दीर्घिकांचा कळप. अंतर साधारण २४ कोटी प्रकाशवर्षं, आणि क्ष-किरणांत पाहिलं तर आकाशातल्या सगळ्या दीर्घिकासमूहांत हाच सर्वांत तेजस्वी.

फेब्रुवारी २०१४ मध्ये या समूहाच्या आणि त्याच्यासारख्या आणखी काही डझन समूहांच्या क्ष-किरणांत एक बारीक उंचवटा सापडला. ज्या ऊर्जेला कुठल्याही ओळखीच्या मूलद्रव्याचा ठळक प्रकाश असायला नको, नेमका तिथे. आजूबाजूपेक्षा उंची जेमतेम एक टक्का जास्त. एवढ्याशा टेंगळावरून दहा वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. कारण तो खरा निघाला, तर आजवर फक्त वजनावरून ओळखलेल्या डार्क मॅटरचा, म्हणजे कृष्णद्रव्याचा, तो पहिला उजेड ठरेल.

कृष्णद्रव्य या नावातच थोडी खोट आहे. काळी वस्तू प्रकाश अडवते. हे द्रव्य प्रकाश अडवत नाही, परतवत नाही आणि स्वतः देतही नाही. 'पारदर्शक द्रव्य' म्हटलं असतं तर निदान गैरसमज झाले नसते. ते आहे हे कळतं ते त्याच्या ओढीमुळे. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी या कॅल्टेकमधल्या स्विस शास्त्रज्ञाने अरुंधती केश तारकासमूहातल्या दीर्घिकासमूहाचा हिशेब मांडला. त्यातल्या दीर्घिका सेकंदाला हजारेक किलोमीटरच्या वेगाने इकडेतिकडे धावत होत्या. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनावर हा कळप एकत्र राहणं शक्यच नव्हतं, केव्हाच पांगून जायला हवा होता. म्हणजे दावणीला धरून ठेवणारं न दिसणारं काहीतरी तिथे आहे. झ्विकीचा आकडा पुढे बराच खाली आणावा लागला, कारण त्या काळी अंतरंच चुकीची मोजली जात होती. मुद्दा मात्र टिकला.

आजचा हिशेब रुपयात सांगायचा तर असा. दीर्घिकासमूहाच्या एक रुपया वजनात ८० ते ८५ पैसे कृष्णद्रव्य. बारा-पंधरा पैसे दीर्घिकांच्या मधल्या जागेत पसरलेला, कोट्यवधी अंश तापलेला वायू. आणि ज्यांच्यामुळे आपण त्याला दीर्घिकांचा समूह म्हणतो ते तारे दोन-तीन पैशांचे. तो वायू इतका विरळ की लिटरच्या बाटलीत मोजून काही डझन कण सापडतील. पण त्याचा पसारा लाखो प्रकाशवर्षांचा असल्यामुळे एकूण वजन ताऱ्यांना भारी पडतं. इतक्या तापमानाला वायू क्ष-किरणांत चमकतो. अल्गोलशेजारचा तो गोळा म्हणजे हाच वायू. पुढची सगळी भानगड तोच करणार आहे, म्हणून त्याला लक्षात ठेवा.

आता प्रश्न असा की जे प्रकाश देतच नाही त्याचा प्रकाश शोधायचा कसा? इथे एक पळवाट आहे. कृष्णद्रव्याचा कण जिवंत असताना चमकत नसला, तरी मरताना चमकू शकतो. काही सिद्धान्तांत असे दोन कण भेटले की दोघंही नष्ट होतात आणि त्यांची ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने बाहेर पडते. त्यांचा शोध २००८ मध्ये सोडलेली फर्मी दुर्बीण घेते आहे. २०१२ मध्ये तिच्या निरीक्षणांत १३० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टला (हे ऊर्जा मोजायचं एकक) एक रेघ, म्हणजे एकाच ऊर्जेला दाटलेला प्रकाश, दिसल्याची मोठी चर्चा झाली, आणि माहिती वाढत गेली तशी ती रेघ विरून गेली. तो किस्सा तिथेच संपला.

दुसऱ्या सिद्धान्तांत कण एकटाच, आपोआप फुटतो. यातला सगळ्यात चर्चेतला उमेदवार म्हणजे स्टराइल न्यूट्रिनो. साधा न्यूट्रिनोच इतका अबोल की कोट्यवधींनी आपल्या अंगातून आरपार जातात आणि पत्ता लागत नाही. हा त्याचा भाऊ पूर्ण मुका, गुरुत्वाकर्षण सोडलं तर कुणाशीच बोलत नाही. पण क्वचित, अगदी क्वचित, तो फुटतो आणि त्याचे दोन तुकडे होतात. एक साधा न्यूट्रिनो आणि एक प्रकाशकण. ऊर्जा दोघांत निम्मी-निम्मी.

या निम्म्या-निम्म्या वाटणीत सगळी मेख आहे. सगळे स्टराइल न्यूट्रिनो एकाच साच्यातले, एकाच वजनाचे. म्हणजे त्यांच्यातून निघणारा प्रत्येक प्रकाशकण अगदी एकाच ऊर्जेचा. तापलेल्या वायूचा प्रकाश सगळ्या ऊर्जांवर चादरीसारखा पसरलेला असतो, हा मात्र एकाच जागी टाचणीसारखा उभा राहील. टाचणी ३.५५ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टला दिसली तर कणाचं वजन, त्याच मापात, त्याच्या दुप्पट, ७.१. पुढे आपण याला नुसतं 'साडेतीन' म्हणू. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणापेक्षा ही ऊर्जा हजार-दीड हजार पट जास्त आहे, छातीचा एक्स-रे काढतात त्यापेक्षा बरीच कमी.

'क्वचित' म्हणजे किती क्वचित? २०१४ च्या उंचवट्यावरून जो दर निघतो, त्यानुसार विश्वाच्या जन्मापासून आजपर्यंतच्या १,३८० कोटी वर्षांत साधारण हजार कोटी कणांमागे एक फुटला असेल. म्हणून तर दीर्घिकासमूहाकडे जावं लागतं. ज्याचं वजन शेकडो लाख कोटी सूर्यांएवढं आहे, तिथे इतक्या आळशी कणांचीही मिळून दखल घेण्याजोगी चमक जमू शकते.

२०१४ चं काम एसरा बुलबुल आणि सहकाऱ्यांचं, हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातलं. त्यांनी युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन या, १९९९ पासून फिरत असलेल्या उपग्रहाची ७३ दीर्घिकासमूहांची निरीक्षणं एकत्र केली. ती कशी केली हे समजून घेण्यासारखं आहे, कारण या सगळ्या कथेत मला सगळ्यात देखणी वाटते ती ही युक्ती.

विश्व प्रसरण पावतं आहे, त्यामुळे दूरचा समूह आपल्यापासून जास्त वेगाने लांब जातो आणि त्याच्या प्रकाशाची ऊर्जा तितकी उतरते. याला ताम्रसृती म्हणतात. म्हणजे ७३ समूहांची साडेतीनची रेघ आपल्याला ७३ वेगवेगळ्या जागी दिसणार. समजा ७३ गायकांनी एकच भजन म्हटलंय, पण कुणी काळी एकमध्ये, कुणी काळी दोनमध्ये, कुणी पांढरी चारमध्ये. प्रत्येकाची पट्टी आपल्याला ठाऊक आहे. मग प्रत्येक रेकॉर्डिंगची पट्टी बदलून सगळ्यांचा सा एकावर एक आणायचा. गाणं जुळून येतं आणि घुमतं. आता समजा रेकॉर्डिंगच्या खोलीतला पंखा सतत एकाच सुरात गुणगुणत होता. प्रत्येक रेकॉर्डिंगची पट्टी वेगवेगळी सरकवल्यामुळे पंख्याचा सूर ७३ ठिकाणी विखुरतो आणि पुसट होतो. उपकरणातला दोष हा पंख्यासारखा असतो, कायम एकाच ऊर्जेला. बुलबुल यांचा उंचवटा पट्ट्या जुळवल्यावर विखुरला नाही, वर आला. म्हणजे तो निदान खोलीतल्या पंख्याचा नव्हता, असं त्यांचं म्हणणं.

पट्टीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ययातीतल्या या समूहाच्या मध्यभागी असलेलं कृष्णविवर भोवतालच्या वायूत ध्वनिलहरी सोडतं, हे २००३ मध्ये 'चंद्रा' नावाच्या क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांतून जाहीर झालं. सूर पाश्चात्त्य भाषेत बी फ्लॅट, म्हणजे आपली काळी पाच. फक्त मधल्या सप्तकातल्या सी या सुराच्या ५७ सप्तकं खाली.

बुलबुल यांचा निबंध आला त्याच महिन्यात, आठवड्याभरात, लायडनच्या अलेक्सी बोयार्स्की यांच्या गटाने जवळपास त्याच ऊर्जेला तसाच उंचवटा दाखवला. त्यांनी पाहिलेल्या जागा दोन: ययातीतला हाच समूह, आणि देवयानी तारकासमूहातली आपली शेजारची मोठी दीर्घिका. शर्मिष्ठाही आकाशात तिथेच शेजारी असते. तिला या प्रकरणात कुणी साक्षीला बोलावल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

इथवर सगळं छान. मग पोटॅशियम आलं.

केळ्यात असतं तेच पोटॅशियम. ताऱ्यांच्या स्फोटांतून बाहेर फेकलं गेलेलं हे मूलद्रव्य समूहाच्या वायूतही किंचित प्रमाणात असतं. त्याच्या अणूत १९ इलेक्ट्रॉन. कोट्यवधी अंशांच्या उष्णतेत त्यातले १७ उडून जातात आणि दोन उरतात. हे उरलेले दोन जागा बदलतात तेव्हा ३.५१ च्या ऊर्जेला रेघ उमटते. संशयित ३.५५ ला, पोटॅशियम ३.५१ ला. कागदावर दोन्ही वेगळे दिसतात. पण एक्सएमएम-न्यूटनमधल्या सीसीडीला, म्हणजे क्ष-किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या चिपला, या ऊर्जेला साधारण ०.१ एवढं धूसर दिसतं, म्हणजे दोघांतल्या अंतराच्या दुपटीहून जास्त. (मुंबईच्या टीआयएफआरमध्ये तयार झालेल्या, २०१५ पासून भारताच्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहावर असलेल्या क्ष-किरण दुर्बिणीतही सीसीडीच आहे.) चष्मा घरी विसरलेल्या माणसाने स्टँडवर लांबून एसटीची पाटी वाचावी तसं हे. 'सा' आहे एवढं खात्रीने सांगता येतं. सातारा की सासवड, ते गाडी जवळ आल्यावर.

बुलबुल यांच्या गटाने पोटॅशियमचा विचार केला नव्हता असं अजिबात नाही. त्यांचं म्हणणं, सगळा उंचवटा पोटॅशियमच्या माथी मारायचा तर ते अपेक्षेच्या दहा-वीस पट हवं. टेस्ला जेल्टेमा आणि स्टेफानो प्रोफुमो यांनी लगेच उलट सवाल केला: तुमची अपेक्षा मुळात कशावरून? समूहातला वायू एका तापमानाचा नसतो. थोडा थंड वायूही गृहीत धरला तर तेवढंच पोटॅशियम कितीतरी जास्त उजळ दिसतं. दुसऱ्या एका गटाने गंधकाकडे बोट दाखवलं. इलेक्ट्रॉन गमावून बसलेलं गंधकाचं अणुकेंद्र थंड हायड्रोजनला भेटलं की त्याचा इलेक्ट्रॉन हिसकावतं, आणि त्या झटापटीत साडेतीनच्या आसपासच प्रकाश बाहेर टाकतं. हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत ही झटापट प्रत्यक्ष घडवून मोजण्यात आली. २०१४ च्या सूत्रांत ती धरलेलीच नव्हती.

मला वाटतं खरी गोष्ट इथे आहे. कृष्णद्रव्याचा शोध म्हणून आपण ज्याकडे बघतो, तो बराचसा पोटॅशियम, गंधक, अरगॉन, क्लोरिन यांचा हिशेब आहे. घरात चोरी झाली म्हणायच्या आधी घरच्या प्रत्येकाने डब्यातून किती घेतले हे विचारावं लागतं, आणि एक टक्क्याच्या चोरीसाठी तो हिशेब एक टक्क्याहून चोख हवा.

हिशेबातून सुटायचा एक मार्ग म्हणजे जिथे वायूच नाही अशी जागा गाठणं. कालेय तारकासमूहात एक बुटकी दीर्घिका आहे. तारे थोडे, वायू जवळपास नाही, वजन मुख्यतः कृष्णद्रव्याचं. एक्सएमएम-न्यूटनने तिच्याकडे एकूण पंधरा दिवसांहून अधिक वेळ टक लावून पाहिलं. त्या निरीक्षणांवर दोन गटांनी काम केलं. एक म्हणाला काही नाही, विषय संपला. दुसरा म्हणाला काही नाही हे खरं, पण विषय संपला असंही नाही. आकडे तेच.

दुसरा मार्ग म्हणजे चष्मा लावणं. हा चष्मा जपानने बनवला होता, आणि त्याची कथा ऐकून हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. कल्पना साधी आहे: क्ष-किरणाचा एक कण एका बारीक चौकोनावर पडला की चौकोन किंचित तापतो. किती तापला ते मोजा, कणाची ऊर्जा कळली. पण ही इवलीशी ऊब कळायला चौकोन निरपेक्ष शून्याच्या जेमतेम ०.०५ अंश वर ठेवावा लागतो. २००० मध्ये असं यंत्र घेऊन निघालेला उपग्रह उड्डाणातच गेला. २००५ मध्ये सुझाकू कक्षेत पोचला, पण महिन्याभरातच यंत्र थंड ठेवणारं द्रवरूप हेलियम उडून गेलं. तिसरा हितोमी. जपानी भाषेत हितोमी म्हणजे डोळ्यातली बाहुली. १७ फेब्रुवारी २०१६ ला तो सुटला, यंत्र थंड झालं, आणि सुरुवातीच्या चाचण्यांतच त्याला ययातीच्या समूहाकडे वळवण्यात आलं.

२६ मार्चला संपर्क तुटला. तारे पाहून दिशा ठरवणाऱ्या यंत्रणेत गडबड झाली होती. उपग्रह स्थिर असताना संगणकाला वाटलं की आपण फिरतोय. ते फिरणं थांबवायला त्याने उलटा फेर दिला, आणि उपग्रह खरोखर फिरू लागला. मग सावरायला छोटी इंजिनं सुरू झाली, तर त्यांना आधी पाठवलेले आकडे चुकीचे होते. फिरणं आणखी वाढलं, इतकं की सौरपंखे तुटून निघाले.

त्या थोडक्या दिवसांत त्याने जे टिपलं त्यावर आजही निबंध निघतात. साडेतीनपुरतं सांगायचं तर ०.१ च्या जागी ०.००५ इतक्या बारकाईने पाहूनही ययातीच्या गाभ्यात आधी सांगितला गेलेला दणकट उंचवटा हितोमीला दिसला नाही. ययातीचा हा उंचवटा आधीपासूनच संशयास्पद होता. तो समूहाच्या वजनाच्या मानाने फारच उंच होता आणि कृष्णद्रव्याने वजनाच्या प्रमाणात चमकायला हवं. गंधकाच्या झटापटीची अंधुकशी खूण मात्र हितोमीच्या वर्णपटात होती. पण ७३ समूहांचा मिळून जो लहानसा उंचवटा होता, तो खोडून काढण्याएवढा वेळ बिचाऱ्याला मिळालाच नाही.

२०२० मध्ये ख्रिस्तोफर डेसर्ट, निकोलस रॉड आणि बेंजामिन सफदी यांनी वेगळाच डाव टाकला. आपण स्वतःच आकाशगंगेच्या कृष्णद्रव्यात बुडालेलो आहोत. मग कुठल्याही दिशेला पाहिलं तरी ते मधे येणारच. त्यांनी एक्सएमएम-न्यूटनच्या जुन्या निरीक्षणांतल्या रिकाम्या आकाशाची मिळून सुमारे तीन कोटी सेकंदांची नोंद चाळली. जवळजवळ वर्षभराचं टक लावणं. साडेतीनला काही नाही. विरोधकांनी त्यांच्या पार्श्वभूमी वजा करण्याच्या पद्धतीवर बोट ठेवलं. पुढे याच गटातल्यांनी जुन्या निबंधांची निरीक्षणं पुन्हा तपासली आणि बहुतेक ठिकाणी उंचवटा उरतच नाही असं मांडलं. म्हणजे भांडण टेंगळावरून आहेच, पण त्याहून जास्त टेंगूळ ज्या जमिनीवरून मोजायचं ती जमीन कुठे धरायची यावरून आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये जपानने चौथ्यांदा तोच चष्मा पाठवला. उपग्रहाचं नाव क्रिझम, यंत्राचं रिझॉल्व्ह. सगळं मिळून ३६ चौकोन. खिशातल्या फोनच्या कॅमेऱ्यात कोट्यवधी असतात. हेलियम टिकलं, उपग्रह भरकटला नाही, पण यंत्रासमोरची एक झडप उघडायची ती उघडलीच नाही. झडपेत बेरिलियमची पातळ खिडकी आहे. तिच्यातून कमी ऊर्जेचे क्ष-किरण आत येत नाहीत. नशिबाने साडेतीनचे येतात, थोडे गाळून.

२०२५ मध्ये क्रिझमच्या गटाने दहा दीर्घिकासमूहांची निरीक्षणं, तीच पट्टी जुळवायची युक्ती वापरून, एकत्र केली. एकूण ३७.५ लाख सेकंद, म्हणजे सुमारे ४३ दिवस. एकही अनोळखी रेघ नाही. कणाच्या फुटण्याच्या दरावर त्यांनी घातलेली मर्यादा हितोमीपेक्षा तीन-चार पट कडक आहे. पण २०१४ मध्ये बुलबुल यांनी सांगितलेला दर या मर्यादेच्याही पाच पट खाली बसतो. थोडक्यात, तो उंचवटा असता तरी एवढ्या निरीक्षणात दिसला नसता.

पाच पट खाली जायचं तर पाच पट वेळ पुरत नाही. वायूच्या झगमगाटातून बारीक रेघ वेगळी काढताना गोंगाट वेळेच्या वर्गमुळाने कमी होतो, त्यामुळे पाचचा वर्ग, पंचवीस पट वेळ लागतो. ४३ गुणिले २५ केलं तर जवळपास तीन वर्षं, रात्रंदिवस, फक्त दीर्घिकासमूहांकडे बघत. एवढा वेळ एका रेघेसाठी कोणी देणार नाही. पण क्रिझमला वायूचे वेग आणि मूलद्रव्यं मोजायला या समूहांकडे दर वर्षी वळावंच लागतं, आणि प्रत्येक वेळी साडेतीनच्या आसपासचे थोडे कण त्या ३६ चौकोनांवर पडून आधीच्या ढिगात जमा होतात.